भरामि, बेरिम, बेरेम: तीन भाषांतलं हे 'मि' एकाच घरचं आहे का?

वाटसरू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नोकरीमुळे चार वर्षं चेक देशातल्या ब्रनोला आहे. चेक भाषेचा वर्ग कधीच संपला, पण नाद लागला तो लागलाच. आज त्यातली एकच गोष्ट मांडतो: क्रियापदाच्या शेवटी येणारं 'म'.

इथे दिवसभर कानावर पडणारा शब्द म्हणजे 'प्रोसीम'. बेकरीतली बाई पाव हातात ठेवताना म्हणते, फोन उचलणारा म्हणतो, नीट ऐकू आलं नाही तरी हेच म्हणायचं. मूळ अर्थ 'मी विनंती करतो'. धातू आपल्या ओळखीचा आहे, प्रश्न आणि पृच्छा ह्यांच्याच कुळातला. म्हटल्यावर मी मनात पक्कं करून टाकलं की प्रोसीम म्हणजे पृच्छामि, दोन्हीकडचं 'मि' एकच.

मग कामासाठी पोलंडला जाणं झालं. तिथे तोच शब्द 'प्रोशे', लिहिताना शेवटी अनुनासिक. ऑफिसातला रशियन सहकारी म्हणतो 'प्रशू'. 'म'चा पत्ता नाही. मला वाटलं त्यांनी तो गमावला असेल. घडलं होतं नेमकं उलटं. जुन्या चेकमध्येही 'प्रोशु' असंच होतं. 'म' मागाहून आला आणि जुन्या 'उ'ला हुसकावून बसला.

असं का झालं, ते समजेल तितकं सांगतो. (परकी रूपं जमेल तशी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, थोडी उन्नीसबीस होतील.)

संस्कृत, स्लाव्ह (रशियन, पोलिश, चेक वगैरे) आणि केल्टिक (आयरिश, वेल्श वगैरे) भाषांच्या समान पूर्वजभाषेत 'मी'च्या क्रियापदाला दोन तऱ्हेचे प्रत्यय होते. धातूला थेट प्रत्यय लागत असेल तर -मि: अस्मि, अद्मि. धातू आणि प्रत्यय ह्यांच्यामध्ये जोडस्वर असेल तर नुसता दीर्घ -ओ. लॅटिन आणि ग्रीकमध्ये 'फेरो' म्हणजे मी वाहतो, तोच हा ओ. जुन्या स्लाव्हिकमध्ये त्या ओला शेवटी अनुनासिक लागलं आणि 'बेरों' झालं. ते अनुनासिक भूतकाळाच्या -म् वरून आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. आजचं रशियन आणि चेक 'बेरु' (मी घेतो) ह्यातूनच आलं.

इसवी सन 863 मध्ये सिरिल आणि मेथोडियस मोराव्हियात धर्मप्रचाराला आले. म्हणजे मी राहतो त्या भागात. त्यांनी जी लिखित भाषा घडवली तिच्यात -मि घेणारी क्रियापदं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच होती: येस्मि (आहे), दामि (देईन), यामि (खातो), वेमि (जाणतो), आणि जरा वेगळ्या वाटेने आलेलं इमामि (माझ्याकडे आहे). बाकी हजारो क्रियापदं अनुनासिक ओवाली. आणि आज स्लोव्हाक भाषेत वर्तमानकाळातलं 'मी'चं एकूण एक क्रियापद -म वर संपतं. पाच जणांनी सगळा गाव आपल्यासारखा करून घेतला!

ह्याची गुरुकिल्ली मला 'करणे' ह्या क्रियापदात सापडली. रशियन अजूनही लांबलचक बोलतं: द्येलायु, द्येलायेश. मी करतो, तू करतोस. चेकमध्ये मधला 'य' गळाला, दोन स्वर एकमेकांत मिसळले आणि 'तू करतोस' झालं द्येलाश. आता 'तू देशील' होतं दाश. द्येलाश आणि दाश कानाला सारखेच. 'दाश'चा जोडीदार 'दाम', मग 'द्येलाश'चा जोडीदार कोण? पोरं भाषा शिकताना हाच हिशेब करतात, आणि 'द्येलाम' तयार होतं. रशियनमध्ये स्वर मिसळलेच नाहीत, म्हणून हा हिशेब सुचायला वावच नव्हता. आजही रशियनमध्ये 'म' आहे तो दाम आणि येम (खातो) ह्या दोन क्रियापदांत आणि त्यांच्यापासून झालेल्या शब्दांत.

चेक भाषा अर्ध्या वाटेत थांबली. द्येलाम, प्रोसीम झालं, पण 'मी वाहून नेतो' अजून 'नेसु'च आहे. इथून रेल्वेने दीड तासावर स्लोव्हाकियाची राजधानी ब्राटिस्लाव्हा. तिथे तेच 'नेसियेम'. दुकानात आभार मानताना मी ब्रनोत 'द्येकुयु' म्हणतो आणि शनिवारी ब्राटिस्लाव्हात 'द्याकुयेम' ऐकतो. दीड तासाच्या प्रवासात प्रत्ययाची शीव ओलांडली जाते. दक्षिणेला सर्बियन आणि क्रोएशियनमध्येही सगळीकडे -म पसरला, मागे राहिले फक्त दोघे: मोगु (मी शकतो) आणि होचु (मला हवंय). स्लोव्हेनियनने तर तेही सोडले नाहीत. तिथे 'बेरेम' म्हणजे मी वाचतो. वेचणे, गोळा करणे ह्यावरून वाचणे.

आता खरी गोम. संस्कृत भरामि आणि स्लोव्हेनियन बेरेम शेजारी ठेवले तर सख्खी भावंडं वाटतात. धातू एकच आहे, -मि सुद्धा मुळात एकच. पण त्या धातूला -मि चिकटणं ही दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडलेली घटना आहे. कारण भरामिसुद्धा मूळ रूप नव्हे! जुनं 'भरा', त्याला अस्मि-अद्मि पाहून आणखी एक मि जोडला. पुरावा इराणी बाजूला आहे. अवेस्ता ह्या पारशी धर्मग्रंथातल्या गाथांमध्ये, यस्न 44 मध्ये, जवळजवळ प्रत्येक कडवं सुरू होतं 'तत् थ्वा पॅरॅसा' असं. संस्कृतात हेच तत् त्वा पृच्छामि. पॅरॅसाला मि नाही. नंतरच्या अवेस्तन भाषेत मात्र 'बरामि' आहे.

केल्टिक बाजूला ह्याच गोष्टीचं काय झालं, हे मला तुकड्यातुकड्यांतच माहीत आहे. इथे कुणी आयर्लंड, स्कॉटलंडकडचं असेल तर कृपया भर घाला.

कुतूहल

वा, वाचायला घेतलं ते संपेपर्यंत थांबता आलं नाही. एक बाळबोध प्रश्न विचारतो. भरामि मधलं 'मि' म्हणजे आपलं 'मी'च ना? भर + मी = मी भरतो. इतकं सरळ असताना दोन तऱ्हा कशाला?

गोदाकाठ

प्रश्न बाळबोध मुळीच नाही. फ्रान्त्स बोप्प ह्या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने 1816 साली संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक क्रियापदांची तुलना छापली, आणि ह्या विद्येचा पायाच त्या पुस्तकाने घातला. त्याचंही मत हेच होतं की पुरुषवाचक प्रत्यय म्हणजे क्रियापदाला चिकटलेली सर्वनामं. -मि मध्ये 'म', -ति मध्ये 'त'. शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवलं, दर वर्षी एखादा तरी विद्यार्थी हा प्रश्न विचारायचा आणि मला फार बरं वाटायचं.

पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, मराठी 'मी' हे त्या -मि चं रूप नाही. ते आलं संस्कृत 'मया'पासून, प्राकृतात 'मए', मग 'मी'. म्हणजे तृतीयेचं रूप, 'माझ्याकडून'. 'मी आंबा खाल्ला' ह्यात ती तृतीया अजून जिवंत आहे, म्हणून तर क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं. तेव्हा -मि आणि मी ह्यांतला 'म' फार दुरून एका कुळाचा असेल, पण इकार वेगवेगळ्या वाटांनी आला.

दुसरी गोष्ट त्या इकाराची. भरति आणि अभरत् शेजारी लिहा. वर्तमानाला -ति, भूताला -त्. भरसि आणि अभरः (मूळ अभरस्). भरन्ति आणि अभरन् (मूळ -न्त्). सगळीकडे फरक एका इकाराचा. खरा पुरुषवाचक प्रत्यय म्, स्, त्, न्त् एवढाच. इकार म्हणजे 'आत्ता, इथे' दाखवणारं एक टोक. इकार असलेल्यांना प्राथमिक प्रत्यय म्हणतात, नसलेल्यांना द्वितीयक. केल्टिकबद्दल कुणी लिहिणार असेल तर हा इकार विसरू नका. तिथली सगळी भानगड त्याच्याचभोवती आहे.

वाटसरू, तुम्ही स्लाव्हिकच्या 'तू'च्या प्रत्ययाला हात लावला नाहीत, म्हणून एक जोडतो. पृच्छसि मध्ये स, पण चेकमध्ये द्येलाश, रशियनमध्ये द्येलायेश. हा श कुठला? आपल्याकडे षत्वाचा नियम आहे. इ, उ, र, क ह्यांच्या मागून आलेला स मूर्धन्य, म्हणजे ष होतो: रमासु पण हरिषु, असि पण एषि. पाणिनीने 'आदेशप्रत्यययोः' ह्या सूत्रात तो बांधला. स्लाव्हिकमध्ये अगदी ह्याच जागी स चा ख झाला, आणि पुढे इ आल्यावर ख चा श. 'प्रोसि' ह्या अंगाला -सि लागला की प्रोसिशि. तिथून तो श बाकीच्या क्रियापदांत गेला. आणि जिथे षत्वाला कारणच नव्हतं तिथे जुना स टिकला: येसि (आहेस), दासि (देशील), येसि म्हणजे आपलं असि. त्या पाचांतल्याच लोकांनी इथेही जुनं सांभाळलं.

अबोली

मी आयर्लंडच्या दक्षिणेला, कॉर्कला असते. मुलगी चौथीत आहे. इथल्या शाळांत आयरिश जवळजवळ सगळ्यांनाच शिकावी लागते, त्यामुळे तिच्याबरोबर माझाही अभ्यास होतो.

तिच्या वहीत पहिल्या पानावर दोन वाक्यं आहेत: 'तिगिम' (मला समजतं) आणि 'नी हिगिम' (मला समजत नाही). वाचून मी हातातलं काम ठेवलं. नी म्हणजे नाही, आणि शेवटी म! तिला सांगितलं की हा म आपल्या आजीच्या संस्कृत स्तोत्रांत आहे, नमामि, वदामि. तिने वहीत प्रत्येक म भोवती गोल काढला: बेरिम, मोलिम, ब्रिशिम. पानभर गोलच गोल.

वाटसरूदादांचं वाचून आज कळलं की ते गोल मी समजत होते तितके जुने नाहीत. मग इथल्या लायब्ररीतून जुन्या आयरिशचं व्याकरण आणलं. 8व्या शतकात 'मी वाहतो' होतं 'बिरु'. म नाहीच! लॅटिन फेरोचा थेट भाऊ. म वाली क्रियापदं तेव्हाही होती, पण मुख्यतः नंतर घडलेल्या, नियमित वर्गातली, जसं 'कारिम', मी प्रेम करतो. शिवाय 'मी आहे' ला 'अम', म्हणजे अस्मि. पुढे शब्दांचे शेवट झिजत गेले, बिरु मधला उ निभेना, आणि स्पष्ट ऐकू येणारा -इम सगळ्यांनी घेतला. बिरु गेलं, बेरिम आलं. भरामि, बेरिम, बेरेम! तीन भाषांनी तीन वेळा एकच काम केलं.

वेल्समध्ये हाच म वेगळ्या वेषात आहे. वेल्श लोक 'मी प्रेम करतो'ला 'काराव' म्हणतात. दोन स्वरांमधला म मऊ होऊन व झाला. आपल्याकडे ग्रामचं गाव आणि नामचं नाव झालं ना, अगदी तसंच. फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रेटन भाषेत तेच 'कारान'.

आणखी एक सांगते, मला सगळ्यात आवडलेलं. 'आम्हांला समजतं' ला कॉर्ककडे तिगिमीद म्हणतात, पाठ्यपुस्तकातही तेच. मुलीची एक शिक्षिका पश्चिमेकडच्या कोनमाराची आहे. ती म्हणते 'तिगन मुइद'. मुइद म्हणजे आम्ही. मी समजत होते की मुइद हे जुनं सर्वनाम आणि ते क्रियापदाला चिकटून -मीद झालं. खरं उलट आहे. आधी प्रत्यय होता, तो सुटून बाहेर आला आणि सर्वनाम झाला. जुनं सर्वनाम 'शिन्य' अजून आहे, पण पश्चिमेला आणि उत्तरेला मुइद जास्त चालतं.

गोदाकाठ

अबोलीताई, हे मुइदचं उदाहरण फार मोलाचं आहे. बोप्प म्हणत होता सर्वनामं चिकटून प्रत्यय झाले. इथे डोळ्यांदेखत प्रत्यय सुटून सर्वनाम झालं. म्हणजे वाट दोन्हीकडून चालती आहे. पोलिशमध्ये 'आम्ही'चा प्रत्यय -मि (ओठ न पसरता उच्चारलेला इ) आहे आणि सर्वनामही 'मि' आहे. तिथे सर्वनामाने प्रत्ययाचा स्वर बदलला. युक्रेनियन आणि सर्बियनमध्ये तोच प्रत्यय -मो, चेक आणि बल्गेरियनमध्ये -मे.

वेल्शमध्येही असंच आहे. 'ते' ला आज बोलीत 'न्हू' म्हणतात. त्याच्या डोक्यावरचा न मूळचा क्रियापदाचा, -न्त् ह्या प्रत्ययातला. आपल्या भरन्ति मधला न् तो.

मृद्गंध

ग्लासगोहून लिहितोय. संध्याकाळच्या स्कॉटिश गेलिक वर्गाला दुसरं वर्ष चालू आहे. गोदाकाठ सरांनी इकार विसरू नका म्हटलं, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या पहिल्या धड्यातली दोन वाक्यं. 'ओली मी', मी पिईन. 'खन ओल मी', मी पिणार नाही. (मी म्हणजे मीच, हो. ऐकून सुखावलो होतो.) नकार आला की ओलीचा शेवट गळून नुसतं ओल उरतं. प्रश्न विचारतानाही तेच. मी बाईंना विचारलं, असं का? त्या म्हणाल्या, पाठच करायचं. मला ते सोडवेना.

हा नियम जुन्या आयरिशमधून येतो, आणि तिथे तो सगळ्या क्रियापदांवर चालत असे. वाक्याच्या सुरुवातीला क्रियापद एकटं आलं तर 'बेरिद', तो वाहतो. आधी 'नी' किंवा एखादा उपसर्ग आला तर 'नी बेर', 'दो बेर'. पूर्ण चालवून दाखवतो, लेखनाप्रमाणे. एकटं असताना: बिरु, बिरि, बेरिद, बेर्मइ, बेर्थे, बेरित. कुणाच्या मागे असताना: बिउर, बिर, बेर, बेराम, बेरिद, बेरात. एका काळाला प्रत्ययांचे दोन संच. पहिल्याला निरपेक्ष म्हणतात, दुसऱ्याला संयुक्त. ह्यातले बरेचसे पुरावे जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या एका हस्तलिखितातले आहेत. सेंट पॉलच्या लॅटिन पत्रांच्या ओळींमध्ये आणि समासात 8व्या शतकातल्या आयरिश भिक्षूंनी आपल्या भाषेत अर्थ लिहून ठेवले. बारीक अक्षरात, ओळीच्या फटीत. आज आपण त्या टिपांसाठीच ते हस्तलिखित उघडतो.

आता दोन संच का? सुरुवातीला सोपं उत्तर वाटलं: बेरिद म्हणजे भरति, बेर म्हणजे अभरत्. एकात इकार आहे, दुसऱ्यात नाही. काही जुन्या अभ्यासकांनी असंच मांडलं. पण 'नाही' म्हटल्यावर वर्तमानकाळात भूतकाळाचे प्रत्यय का यावेत? अडचण तिथे.

दुसरं उत्तर मला जास्त पटतं. थुर्नायसन ह्या भाषाशास्त्रज्ञाने 20व्या शतकाच्या सुरुवातीला त्या दिशेने विचार केला होता, आणि वॉरन काउगिल ह्या दुसऱ्या भाषाशास्त्रज्ञाने 1975 मध्ये ते नीट बांधलं. याकोब वाकरनागेलने 1892 मध्ये दाखवून दिलं होतं की जुन्या भाषांत छोटे निपात, म्हणजे रूप न बदलणारे बारके शब्द, वाक्यात दुसऱ्या जागी येतात. संस्कृतात च, ह, वै, तु कधीच पहिले येत नाहीत. काउगिल म्हणतो, आयरिशच्या पूर्वजभाषेत प्रत्येक वाक्यात दुसऱ्या जागी एक छोटा निपात होता, एस सारखा. आणि त्याच काळात शब्दाच्या अगदी शेवटचा ऱ्हस्व इ गळत होता.

आता दोन्ही एकत्र करून बघा. क्रियापद पहिलं असेल तर निपात त्याला चिकटणार: बेरेति-एस. इ शेवटी नाही, निपाताच्या आडोशाला आहे, म्हणून त अक्षराचा आवाज वाचला आणि पुढे बेरिद झालं. 'नी' पहिला असेल तर निपात नी ला चिकटणार: ने-एस बेरेति. आता बेरेति उघड्यावर. इ गळाला, मग त् गळाला, उरलं बेर. पुढे निपात स्वतःही नाहीसा झाला, पण त्याने दिलेला आडोसा बेरिदच्या अंगावर राहिला. नी च्या पुढचं व्यंजन जुन्या आयरिशमध्ये मऊ होत नाही, ही त्या निपाताची दुसरी खूण, कारण एके काळी तिथे स होता. निपात नेमका कोणता ह्यावर वाद आहेत. भाषाशास्त्रज्ञ पेटर श्राइव्हर 'एति' मानतो, म्हणजे संस्कृत 'अति'चा भाऊ.

ग्लासगोच्या वर्गात 'ओली मी' म्हणताना शेवटचा ई म्हणजे तो आडोशाला वाचलेला तुकडा. जुना वर्तमानकाळ गेलिकमध्ये भविष्यकाळ झाला, पण प्रत्ययांची जोडी तशीच राहिली. पुढच्या आठवड्यात बाईंना हे सांगितलं तर त्यांनी सगळ्या वर्गापुढे फळ्यावर लिहायला लावलं.

पानगळ

पुण्यात रशियन शिकले, आता वॉर्सॉत भाषांतराचं काम करते. तीन गोष्टी सांगते.

पहिली, ती दोन रशियन क्रियापदं नीट बघा. 'येम' म्हणजे खातो. हे अगदी सरळ 'अद्मि' आहे, द् गळालेला. बहुवचनात द् परत येतो: येदिम, येदिते, येद्यात. 'दाम' म्हणजे देईन, आणि 'ते देतील' म्हणजे दादूत. तो मधला द कुठून आला? ददामि मधलं द्वित्व, म्हणजे दोनदा आलेला द, आहे तो! संस्कृतात ददति, रशियनमध्ये दादूत. रशियन व्याकरणात ह्यांना अनियमित म्हणून चौकटीत टाकतात. मला शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, तुम्ही मराठी मुलींनी ही चौकट पाठ करायची गरज नाही.

दुसरी, द्विवचन. शाळेत सगळ्यांनी घोकलंय: भवावः, भवथः, भवतः. स्लोव्हेनियनमध्ये आजही दोघांनी काही केलं तर वेगळा प्रत्यय: देलावा (आम्ही दोघं काम करतो), देलाता (तुम्ही दोघं, ते दोघं). ल्युब्लियानाच्या कॉफीच्या दुकानात दोन मुली बोलताना तो 'वा' ऐकला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पूर्व जर्मनीतल्या सॉर्बियन भाषेतही द्विवचन टिकून आहे.

तिसरी गोष्ट भूतकाळाची, आणि इथे मराठी माणसाने कान टवकारायलाच हवेत. स्लाव्हिकमध्ये जुना स-वाला भूतकाळ होता. षत्वामुळे त्याचं -ख झालं. बल्गेरियन अजून 'चेतोख' (मी वाचलं) म्हणते. बाकी बहुतेकांनी तो सोडून -ल चं धातुसाधित घेतलं आणि त्याला 'असणे'ची रूपं जोडली. चेकमध्ये 'तू होतास' म्हणजे बिल सि. बाई असेल तर बिला सि, आणि बोलताना चिकटवून 'बिलास'. दिलंस म्हणायचं असेल, बाई असेल तर 'दालास'. पोलिशमध्ये तर ते पक्कं जोडलं गेलं, बाईला लिहिताना 'बिलाश' आणि पुरुषाला 'बिलेश'. (त्या ल वर तिरकी रेघ असते, आज उच्चार व सारखा होतो.)

आता म्हणा: गेलास, गेलीस. लिंग ल च्या मागे, पुरुष सगळ्यात शेवटी. क्रमसुद्धा तोच!

कुतूहल

म्हणजे हा ल एकच? पोलिशचा आणि मराठीचा?

पानगळ

नाही, आणि इथे फार जपून बोलायला हवं. स्लाव्हिक ल जुन्या -लो ह्या विशेषणी प्रत्ययाचा. मराठी ल प्राकृतातल्या -इल्ल चा. गत चं गअ, त्याला -इल्ल लागून गेला. संस्कृत भूतकाळात तिथे ल नव्हताच, त होता. दोन ल ची भेट निव्वळ योगायोग आहे.

पण शेवटचा स योगायोग नव्हे. संस्कृत नाटकांत 'गतोऽसि', प्राकृतात 'गदो सि', जुन्या मराठीत 'गेलासि', आज 'गेलास'. चेकमध्ये बिला येसि, बिला सि, बिलास. दोन्हीकडे तो स म्हणजे 'असि'. धातुसाधित घ्यायचं, त्यामागे 'आहेस' ठेवायचं, आणि शेकडो वर्षं भराभर बोलत राहायचं. नवा प्रत्यय घडताना हातात धरून बघायचा असेल तर पोलिशमध्ये बघावा, कारण तिथे जोड अजून ओला आहे. 'कुठे होतास' ला 'ग्जे बिवेश' म्हणता येतं आणि 'ग्जेश बिव' सुद्धा. प्रत्यय क्रियापदावरून उठून 'कुठे'वर जाऊन बसतो. रशियनने मात्र तो 'असणे'चा तुकडाच टाकून दिला. उरलं नुसतं बिल, बिला, बिलो: होता, होती, होतं. म्हणून रशियन भूतकाळात पुरुष कळत नाही, लिंग कळतं.

गोदाकाठ

पानगळताई, 'जोड अजून ओला आहे' हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. केल्टिकमध्ये एक प्रत्यय असा आहे ज्याची जोडी स्लाव्हिकमध्ये शोधूनही मिळणार नाही, तो -र. आयरिश 'मोल्तर' म्हणजे कौतुक केलं जातं. लॅटिनमध्ये फेर्तुर, नेलं जातं. संस्कृतात 'शेरते' आणि 'चक्रिरे' मध्ये त्याची धूसर खूण आहे.

मृद्गंध

सर, ह्यावर वेगळा धागा व्हायला हवा. मी अबोलीताईंच्या मुलीच्या गोलांसाठी एक गोष्ट आणली आहे.

फ्रान्सच्या मध्यभागी शामालिएर इथे 1971 मध्ये एका झऱ्याच्या जागी शिशाचा छोटा पत्रा सापडला. मुठीत मावेल एवढा. त्यावर रोमन लिपीत, पण गॉलिश भाषेत (गॉल म्हणजे प्राचीन फ्रान्स, तिथली केल्टिक भाषा), मापोनोस देवाची प्रार्थना कोरली आहे. त्यात एक शब्द: 'वेदियूमि', मी प्रार्थना करतो. नीट बघा, त्यात ऊ पण आहे आणि मि पण आहे. जुना -ओ बदलून ऊ झाला, तो न काढता मागून मि जोडला. भरा + मि, वेदियू + मि. आयरिश बिरु जेव्हा अजून बिरुच होतं, त्याच्या कित्येक शतकं आधी गॉलमधल्या कुणीतरी ही जोड केली होती. तेव्हा वाटसरूंच्या शीर्षकात चौथा शब्द घाला.

आणि दुसरं. सीझरने वेढा घातलेल्या अलेसिया गावातला एक शिलालेख आहे. मार्तिआलिस नावाच्या माणसाने उकुएतिस देवाला एक वास्तू अर्पण केली, 'उकुएतिसची सेवा करणाऱ्या लोहारांसह'. 'लोहारांसह' ला शब्द आहे 'गोबेदबि', त्यातला बि म्हणजे आपला -भिः. आणि 'जे सेवा करतात' ला 'दुगियोन्तियो'. -ओन्ति म्हणजे भरन्ति मधलं -अन्ति. त्याच्या मागे लागलेला यो म्हणजे संस्कृत 'यः', मराठी 'जो'. जुन्या आयरिशमध्ये 'जे वाहतात' ला 'बेर्ते' असा खास प्रत्यय होता, त्याच्या पोटातही हाच यो आहे.

वाटसरू (धागाकर्ता)

शीर्षक संपादित करता येत नाहीये, पण वेदियूमि मनाने तिथे घातला आहे.

मृद्गंध, तुमच्या यो वरून वेल्शचं बघितलं. 'जो आहे' ला वेल्शमध्ये 'सीध' म्हणतात, लिहिताना शेवटी दोन द. मूळ रूप एस्ति-यो. अस्ति आणि यः. वेल्समध्ये रस्त्यावर, दुकानात, शाळेत माणसं दिवसभर हा शब्द वापरतात, आणि त्या एका अक्षरी शब्दात आपला 'आहे' आणि आपला 'जो' दोन्ही आहेत. अबोलीताई, मुलीला म्हणावं, वहीत आता दुसऱ्या रंगाचा गोल लागेल.

अबोली

सांगितलं. हिरवा घेतलाय.